वाटीभर साखरेसाठी

सकाळी बागेत शेजारच्या बाकावर एक आजोबा मटकन बसले. अंग घामाने डबडबलेलं, हात थरथरत होते आणि तळवा छातीवर. मी घाबरून उठलो, पण तेवढ्यात मागून आलेल्या आजींनी पिशवीतून डबी काढली आणि चमचाभर साखर सरळ त्यांच्या तोंडात घातली.

"संकष्टीचा उपास धरलात, आणि डायबेटिसची गोळी मात्र उपाशीपोटी घेतलीत ना?"

आजोबांनी गुपचूप मान हलवली. "छाती फार धडधडतेय गं."

"धडधडणारच! साखर उतरली की त्या बिचाऱ्या हृदयाचीच धावाधाव होते."

मधुमेह म्हटलं की आपल्याला भीती वाढलेल्या साखरेची. ती फार उतरली तर हृदयाची ओढाताण होते, त्याचा ठेकाही चुकू शकतो, हे कुठे ध्यानात येतं? लहानपणी पाहुणे दारात आणि साखरेचा डबा रिकामा असला, की आई वाटी घेऊन शेजारचं दार वाजवायची. ही धडधड त्याच जातीची. घरातली साखर संपलीय, कुणीतरी दार उघडा! आणि असं दार वाजवणाऱ्याला रिकाम्या वाटीने परत पाठवायची आपल्याकडे रीत नाही.

थोड्या वेळाने आजोबांचा चेहरा खुलला. डबीकडे बघत ते हळूच म्हणाले, "अजून जरा धडधडतंय."

"घरी चला, खिचडी तयार आहे," म्हणत आजींनी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली, नाडी पाहिली आणि डबीचं झाकण घट्ट लावत हसून म्हणाल्या,

"एवढं माझ्या नावाने धडधडू दे."