गाल भरून देणारे कवळीकाका

कवळीकाका बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नसत, गालांकडे बघत. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटे, आपल्या तोंडाला काहीतरी लागलंय. माझे वडील तर त्यांच्यासमोर बसण्याआधी मिशा पुसून घेत. काका दातांचे डॉक्टर. दवाखाना पेणला, पण नव्वदच्या दशकात चार-पाच वर्षं ते दर रविवारी सकाळच्या एसटीने रोह्याला यायचे आणि तिथल्या अष्टमी गावातल्या आमच्या घराच्या ओटीवर पेशंट बघायचे. मी कंपनीत टायपिस्ट होते. आठवड्यातून एक दिवस उशिरा उठायला मिळायचा, आणि नेमक्या त्या दिवशी डोळे चोळत बाहेर यावं तर ओटीवर आठ-दहा बोळकी तोंडं ओळीने बसलेली.

दात उपटण्यात काकांना रस नव्हता. त्यांचा जीव कवळीत. "दात काय, कुणी पण बसवील," ते म्हणत. "दात गेले की गाल आत जातात. मी गाल परत देतो." कवळीच्या बाहेरच्या अंगाला ते हरभऱ्याएवढी जाडी ठेवत, म्हणजे खपाटीला गेलेला गाल जरा वर उचलला जाई. ही जाडी किती, यातच सगळी कला होती. "हरभरा म्हणजे हरभराच. वाटाणा झाला की माणूस कामातून गेला!"

एका निवृत्त हवालदारांनी हट्टाने वाटाणा करून घेतला होता. त्यांना म्हणे भरदार दिसायचं होतं. ते फुंकणीने चूल पेटवायला निघाल्यासारखे दिसू लागले. बाजारात जो तो विचारी, "साहेब, दाढ दुखते काय?" पुढच्याच रविवारी स्वारी ओटीवर हजर. काकांनी कानस काढली आणि घासायला बसले. मला मात्र त्यांच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं, की ते हसतायत.

पक्की कवळी ते पेणला करत. त्याआधी मेणात बसवलेले दात पेशंटच्या तोंडात घालून बघत आणि मग त्याच्याशी भांडण काढत. "गप्प बसलेलं तोंड खोटं असतं. भांडताना खरं दिसतं." निडी म्हणजे रोह्याच्या अलीकडचं एवढंसं स्टेशन. तिथल्या एका मिठागरवाल्याला त्यांनी साळसूदपणे विचारलं, "तुमच्याकडे गाडी थांबते का हो, की उडी मारून उतरायला लागतं?" तो मनुष्य असा काही पेटला की आई आतून धावत आली. काका मान तिरपी करून त्याच्या गालांकडे बघत होते आणि म्हणत होते, "वा! अजून बोला, अजून बोला."

भांडण पार पडलं की पेशंटला फाटकात उभं करायचं. आरसा द्यायचा नाही. येणारे-जाणारे काही बोलले, तर काम फसलं. कुणी काहीच बोललं नाही, तर जमलं. कुणी काही बोलू नये म्हणून ताटकळत उभी असलेली माणसं मी आमच्या फाटकाखेरीज कुठे पाहिली नाहीत.

अशातच एका थंडीत सारामावशी आल्या. दोन घरं सोडून एकट्या राहायच्या. त्यांच्या ज्यू समाजातली बहुतेक घरं इस्रायलला गेली होती. धाकटी बहीण मिरियमही लग्न करून गेली, त्याला तीस वर्षं झाली होती. ती आता पंधरा दिवसांनी, पहिल्यांदाच परत येणार होती. मावशींनी पदराखालून एक फोटो काढला. दोघी बहिणी, मिरियम जायच्या आदल्या दिवशीचा. मावशींचे गाल नुसते टरारलेले.

"मिरूनं मला शेवटचं असं बघितलंय," मावशी म्हणाल्या. "असेच गाल करा. नायतर मला वळखायची नाय ती."

"बाई, तुमच्याबरोबर तीही म्हातारी झाली असेल ना?"

"ती नाय होणार. ती लहान हाय."

काकांनी परोपरीनं समजावलं. कपाळ आताचं, डोळे आताचे आणि गाल तेवढे तेव्हाचे, असं केलं तर एका तोंडात दोन बायका दिसतील. पण मावशी ढिम्म. बोळक्या तोंडाने त्या जे बोलल्या, त्यातलं आम्हाला एवढंच कळलं, की बहिणीनं दारात उतरून 'सारा कुठाय?' विचारलं तर त्या जीव देतील. काकांनी हात टेकले. त्यांनी माप घेतलं. पुढच्या रविवारी मेणाचे दात आणून त्यांवर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वाटाण्याएवढं मेण चढवलं. ते तोंडात बसवून मावशींना फाटकात पाठवलं आणि स्वतः आत पाठ करून बसले.

आता आमच्या आईविषयी. आमच्या फाटकात उभा असलेला माणूस चहाशिवाय गेला, असं तिच्या हयातीत घडलेलं नाही. पोस्टमन असो, वाट चुकलेला असो. मेणाचे दात घातलेल्याला गरम काही द्यायचं नाही, हे काकांनी तिला शंभरदा बजावलं होतं. "पण एवढी बहीण यायचीय तिची, आणि चहा नको?" असं म्हणून तिने उकळता आल्याचा चहा मावशींच्या हातात दिला. मावशींनी तो डाव्या गालात धरून धरून प्याला.

तेवढ्यात मासळीची पाटी घेऊन कोळीण आली. थांबली. "सारामावशे, एकाच बाजूला सूज कशी गो?"

काका धावले. डावीकडचं मेण मऊ होऊन पार बसलं होतं, दातही हलले होते. "वहिनी," ते कपाळावर हात मारून म्हणाले, "माझं चार तासांचं काम तुम्ही पाजलंत हो यांना!" आई रडकुंडीला आली. मिरियम यायला एकच आठवडा उरला होता. सगळं पुन्हा आत्ता, इथेच, उभं केलं तरच पक्की कवळी वेळेवर झाली असती.

या गोंधळात मावशी आमच्या आरशापुढे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी अडवायचं? त्यांनी एक हात फुगलेल्या गालावर ठेवला, मग दुसरा बसलेल्या गालावर. बराच वेळ असं चाललं. मग बसलेल्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "डाक्टर, ही बाजू माझी हाय. ती दुसरी कोण बाई हाय, मला म्हायत नाय."

काका त्या दिवशी आमच्याकडेच जेवले, परतीची एसटी चुकवली आणि पुन्हा पहिल्यापासून मेण लावलं. हरभऱ्याएवढं. या खेपेला मावशी अर्धा तास फाटकात उभ्या होत्या. तीच कोळीण पाटी रिकामी करून परतली आणि नुसतं "येते गो" म्हणून निघून गेली. काकांनी असा उसासा सोडला की मला त्यांची दया आली.

कवळी वेळेवर आली. मिरियम रविवारीच आमच्या फाटकापाशी रिक्षातून उतरली, गोलमटोल, स्कर्टमधली, केस कापलेली. मावशींकडे क्षणभर बघितलं आणि गळ्यात पडून ओरडली, "केवढी म्हातारी झालीस गो सारा!" मावशींना आधी राग आला, मग रडू आलं, मग त्या हसल्या. मिरियमला दातांचा पत्ताच लागला नाही. काका सरळ आत निघून गेले आणि पाणी प्याले.

पण गंमत पुढेच आहे. पुढच्या रविवारी मिरियम एकटीच आली. तोंडावर रुमाल धरून काकांना म्हणाली, "माझी कवळी हलते. जरा बसवून द्या. साराला सांगू नका, तिचे अजून सगळे शाबूत हायत." काका माझ्याकडे बघतात, मी काकांकडे. तासाभराने मावशी. "मिरूला बोलू नका हां डाक्टर." तीन आठवडे त्या दोघी एकमेकींना चिकी आणि ऊस द्यायच्या आणि एकमेकींना 'पोट भरलंय' सांगायच्या. पेशंटचं गुपित फोडायचं नाही म्हणून काका तोंड मिटून बसायचे. त्यापायी त्यांना जेवण गोड लागत नसे, असं आई सांगायची.

मिरियमचा जायचा दिवसही रविवारच होता. त्यानंतर त्या दोघी पुन्हा भेटल्या नाहीत. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? निरोप घ्यायला दोघी आमच्याकडे आल्या होत्या, रिक्षा फाटकात उभी होती. मावशी अचानक म्हणाल्या, "मिरू, मी तुला फसवलंय. खोटं तोंड दावून पाठवायची नाय मी तुला." आणि त्यांनी सगळ्यांसमोर कवळी काढून हातात धरली. गाल खाली गेले. मला काकांकडे बघवेना. आपलं काम चारचौघांत असं उघडं पडणं म्हणजे त्यांना केवढी नामुष्की!

मिरियम बघत राहिली. मग तिने पाठ फिरवली, तोंडात बोटं घातली आणि वळली. तिचेही गाल आत गेले होते. दोन बोळकी तोंडं समोरासमोर, हनुवट्या सारख्या, हसणं सारखं. तीस वर्षं कुठे गेली कोण जाणे. दोघी एकमेकींचे गाल चिमटीत धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि काय बोलत होत्या ते त्यांचं त्यांनाच कळत होतं.

रिक्षावाल्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला. काका चपला न घालताच फाटकापर्यंत गेले. त्यांचा आवाज मी कधी नव्हे तो चढलेला ऐकला.

"थांब रे जरा. दिसत नाय? हसतायत त्या."