टाकेवाले उंदीर

माझे ते सख्खे मामा, पण प्रयोगशाळेत झाडून सगळे त्यांना उंदीरमामा म्हणायचे. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणापाणी बघणं हे त्यांचं काम. पोरांचं कधी एवढं केलं नाही, असं मामी ऐकवायची.

तिथल्या मॅडमचा प्रयोग साधा होता. उंदरांपुढे वाळूच्या दोन वाट्या ठेवायच्या. दालचिनीच्या वासाच्या वाळूत बिस्किटाचा तुकडा पुरलेला, लवंगेच्या वाळूत काहीच नाही. उंदीर हे शिकले, की त्यांतल्या काहींच्या मेंदूच्या एका भागाला शस्त्रक्रिया करून इजा करायची आणि जखम भरल्यावर बघायचं, वास आठवतो का. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळपासून सगळ्यांना उपाशी ठेवायचं, म्हणजे ते उकरतील.

डोक्याला टाके पडलेले ते जीव, त्यात उपाशी. मामांना राहवेना. घरी निघताना त्यांनी तेवढ्यांनाच गुपचूप पोटभर खाऊ घातलं.

दुसऱ्या दिवशी धडधाकट उंदरांनी दालचिनीची वाळू भराभर उकरली. टाकेवाल्यांनी दोन्ही वाट्या हुंगल्या आणि मिशा साफ करत बसले. वास विसरले म्हणून मॅडम हरखल्या. सर्वांना चहा पाजला, सर्वांदेखत मामांचे आभार मानले. मामांच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. विसरले कसले, पोटं भरली होती. शरमेने त्यांना मान वर करता येईना.

घरी त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. मामीने खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलले. ती म्हणाली, गप्प बसा, नोकरी जाईल, उंदीर काय साक्ष द्यायला येणारेत? खरं सांगते, मलाही तिचंच पटलं. पण मामांच्या पोटात काही राहत नाही.

सकाळी त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं आणि म्हणाले, चूक माझी, मला काढून टाका.

"तुम्हाला काढून काय होणार?" मॅडम म्हणाल्या. "या उंदरांना आता पुन्हा नाही विचारता येत. वाट्या काल हुंगून झाल्या, आता जुनं आठवलं की कालचं, ते कळणार नाही. नवे आणायचे, शिकवायचे, त्यांच्या मेंदूला इजा करायची. सगळं पहिल्यापासून."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं मामा म्हणाले. एका रात्रीची भूक वाचवायला गेले आणि नव्या जिवांच्या डोक्याला सुरी लावून बसले. इतके ओशाळलेले मामा मी कधी पाहिले नव्हते.

नवे उंदीर आले, शिकले. भुलीचं इंजेक्शन देताना एकेकाला मामांनीच धरलं. त्यांच्या हातात एकानेही अंग चोरलं नाही.