उपाशीची पाटी

"अहो, रडताय काय? उपाशी राहायची सवय असेलच की तुम्हा लोकांना."

मोठे डॉक्टर मला हे म्हणाले. हळू आवाजात, 'अहो' लावून. पुण्यात अपमानसुद्धा शुद्ध भाषेत होतो. त्यांच्यामागची शिकाऊ डॉक्टर मंडळी हसली. त्यांतली एक मुलगी हसली नाही, पण तिनं मान वरही केली नाही.

माझी रेणू सहा वर्षांची. जन्मली तेव्हा तिला शौचाची वाटच नव्हती. म्हणून पोटावर भोक पाडून पिशवी लावली. पुढं खालची वाटही करून झाली. आता पोटावरचं बंद करायचं तेवढं राहिलंय. 'तेवढंच' म्हणतात. पिशवीभोवतीची कातडी सोलून निघते, पोर कळवळते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "वास येतो हो. ते बंद झालं की आणा."

या दवाखान्यात लहान मुलांच्या ऑपरेशनची खोली एक. त्यांना भूल देणाऱ्या बाई एक. वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं. हे आम्हाला दिसतं, आम्ही आंधळ्या नाही. ज्याचा नंबर, त्याच्या खाटेला 'उपाशी' अशी पाटी टांगतात. मग त्या पोराला पाणीसुद्धा द्यायचं नाही. पाटी लागली की आई देवाला हात जोडते. ती काढली आणि पोर आत गेलं नाही, की समजायचं, आज नाही.

रेणूची पाटी आधीही अशीच उतरली होती. तेव्हा खरंच तातडीची पोरं आली होती. मी ब्र काढला नाही.

त्या दिवशी पाटी पुन्हा लागली. पहाटेपासून पोरगी कोरडी. मी पदर ओला करून तिचे ओठ पुसत होते, तर तिनं पदरच दातात धरला आणि चोखायला लागली. मी तो ओढून काढला. खराडीच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी दिवसभर पोळ्या लाटते. सगळी कंपनी माझ्या हातचं खाते. त्याच हातांनी मी पोटच्या पोरीच्या तोंडचं पाणी हिसकावलं.

दुपारी एक मुलगा आजोबांचा हात धरून आला. मोठ्या डॉक्टरांनी आजोबांना वाकून नमस्कार केला आणि मुलगा थेट आत गेला. "हर्निया तर आहे. पुढच्या आठवड्यात केलं असतं तरी चाललं असतं," सिस्टर आपसात बोलल्या. त्या लेकराचेही ओठ सुकले होते. त्याच्यावर माझा राग नाही.

मग सिस्टरनी पाटी काढून माझ्या हातात दिली. "द्या तिला बिस्कीट. आज नाही व्हायचं." मला रडू फुटलं, आणि डॉक्टर ते उपाशी राहायच्या सवयीचं बोलले.

मी रेणूपुढं दूध-बिस्कीट धरलं. ती हात लावेना. "आई, खाऊ ना? कुणी रागवंल का?"

सवय लागली होती माझ्या पोरीला. खाण्याआधी भ्यायची.

मी ती पाटी माझ्या गळ्यात घातली आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दारात जाऊन बसले. डॉक्टर बाहेर आले.

"आपण हे काय नाटक मांडलंय?"

"सवय हाय म्हणालात ना? मग मी ऱ्हाते उपाशी. नंबर कुणाचा हाय ते भिंतीवर लिवा. कुणाचं पोर जास्त अडलं असंल तर त्याला आधी घ्या, मी पाया पडंन. पर वळखीवर घ्यायचं न्हाई."

"मग दुसरीकडे न्या मुलीला."

"दुसरीकडं न्यायची ऐपत असती, तर तुमचं ऐकून घ्यायला बसले असते व्हय?"

शेजारच्या खाटेवरची बाई लेकरू कडेवर घेऊन आली. माझ्याजवळ टेकली. शेवटी सिक्युरिटीवाल्यांनी आम्हाला दंड धरून उठवलं. संध्याकाळी रेणूला घरी पाठवलं. पाटी माझ्या गळ्यातच राहिली, ती घरी वाघोलीला आली.

रेणूचं पोट अजून उघडंच आहे. भरती व्हायचा निरोप काल आलाय. मला भीती वाटते. पोरगी त्यांच्याच सुरीखाली जाणार, माझ्यावरचा राग तिच्यावर काढला तर? तरी ती पाटी कपड्यांच्या पिशवीत भरलीय. हिच्या आधी कोण आणि का, हे माझ्या तोंडावर सांगतील, तेव्हाच मी ती खाटेला बांधू देईन. आणि सांगितलेलं खोटं निघालं, तर पोरीला पोटभर जेवू घालून मी पुन्हा त्याच दारात बसेन.