नटाचं लफडं, आमचं टेबल

मी चाकणजवळच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. स्टोअरचा नियम असा, की जो माल आधी आला तो आधी बाहेर गेला पाहिजे. पडून राहिला की ऑडिटवाले ओरडतात. किस्स्यांना असलं काही बंधन नाही. ते आत येतात आणि ठाण मांडून बसतात. मग एखाद्या गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, सांगवीच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालताना सगळे एकदम आठवतात आणि मी एकटीच हसत सुटते. शेजारीण विचारते, "काय झालं हो?" काय सांगणार! हसून झाल्यावर हल्ली थोडं वाईटही वाटतं, ते तर तिला मुळीच सांगता येत नाही.

हे सगळे किस्से एकाच टेबलावरचे. कॅन्टीनमध्ये टीव्हीच्या बरोबर खाली आमचं टेबल आहे. तिथे मी, फोर्कलिफ्ट दुरुस्त करणारे नसीमभाई, असेंब्ली लाइनवरची विद्या कांबळे आणि एचआरमधली प्रियांका. वाढायला जगतापकाका. ते इथल्याच निघोजे गावचे. जमीन कंपन्यांत गेली आणि कॅन्टीनचं काँट्रॅक्ट हातात आलं. वाढता वाढता ते आमच्यातच बसतात. वर टीव्हीवर दर थोड्या दिवसांनी कुठल्यातरी नटाचं नाहीतर क्रिकेटरचं लफडं फुटतं, आणि खाली आमचं कोर्ट भरतं. जेवणाच्या सुट्टीत आरोप, साक्षी, निकाल, सगळं उरकतं!

*

एकदा एका मोठ्या हिरोची बातमी आली. बायको, दोन मोठी मुलं, आणि हा पठ्ठ्या परदेशात नव्या हिरॉइनचा हात धरून समुद्रावर.

जगतापकाकांनी आमटीचा डाव हवेत थांबवून निकाल दिला. "त्यो नट हाय. त्याला समदं माफ!"

"आणि ती?" मी विचारलं.

"ती तसलीच."

"तसलीच म्हणजे?"

"म्हंजी नटी की वो!"

"अहो काका, दोघांचा धंदा एकच ना?"

"व्हय. पन त्यो पुरुष हाय ना त्यात!"

सगळे हसलो. विद्या आमटीतला कढीपत्ता ताटाच्या कडेला लावत होती. ती म्हणाली, "आणि त्याची बायको?"

"तिचं काय?" काका म्हणाले. "ती घरी हाय की!"

पुन्हा हशा. विद्या तेवढी हसली नाही. मी वर टीव्हीकडे बघितलं, तर खरंच, हिरो, हिरॉइन, समुद्र, हॉटेल, सगळं फिरवून फिरवून दाखवत होते. बायकोचा एक फोटोसुद्धा नव्हता.

*

कुठलाही नट सापडला की आमच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी हमखास नसीमभाईंना डोळा मारतो. "काय नसीमभाई, तुमच्यात तर चार चालतात!"

बरीच वर्षं ते हसून सोडून देत. एकदा मात्र चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "भावा, हिरो तुमचा, लफडं त्याचं, आणि जबाब माझा का घेता?"

त्या माणसाने पुन्हा त्यांच्याकडे बघून डोळा मारला नाही.

पुढे नसीमभाईंची बायको गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. वर्ष उलटलं तसे सगळे मागे लागले, की दुसरं लग्न करा, एकटे कसे राहणार. जगतापकाकांनी तर एक स्थळही काढलं. नसीमभाई म्हणाले, "काका, पहिलंच अजून संपलं नाही. सकाळी गॅस चालू राहिला की अजून तिची बोलणी खातो मी."

काकांनी ते स्थळ पुन्हा कधी काढलं नाही.

*

महिला दिनाला कंपनीने एका मालिकेतले कलाकार बोलावले. मालिकेत नवरा बायकोला फसवून ऑफिसमधल्या मुलीच्या नादी लागतो. रोज संध्याकाळी घरोघरी शिव्या खाणारी ती मुलगी आणि तो नवरा, अशी दोघं आली.

आमच्या लाइनवरच्या बायका त्या दिवशी जरीच्या साड्या नेसून आलेल्या. त्या पोरीला बघताच एक मावशी तरातरा पुढे गेली. "अगं बाई, चांगल्या घरची दिसतीस. दुसरीचा संसार का मोडतीस?"

पोरगी बिचारी हात जोडून म्हणाली, "मावशी, मला अजून स्वतःचाच संसार नाही!"

कुणी हसलं नाही. सगळ्या बायका तिच्याकडे पाठ करून गेल्या. कुठे? तर त्या नवऱ्याबरोबर सेल्फी काढायला! ही रांग! टाइम ऑफिसच्या पुढपर्यंत!

मी त्या मुलीला स्टोअरमध्ये आणून बसवलं, पाणी दिलं. तिने विचारलं, "ताई, त्याला कुणी काही बोललं का हो?"

मी म्हटलं, "नाही गं. आमच्या बायका म्हणतात, तो प्रत्यक्षात फार साधा वाटतो."

ती हसली. मग डोळ्यांतलं काजळ पुसलं आणि परत लावलं, कारण भाषण बाकी होतं. विषय होता, स्त्रीच स्त्रीची मैत्रीण.

*

जगतापकाकांचा एक चुलता होता. गावात एक घर, मळ्यात दुसरं. एका घरी एक बायको, दुसऱ्या घरी दुसरी. जमिनीचे पैसे आल्यावर दोन्ही घरांवर स्लॅब पडला. चुलता वारला तेव्हा दहाव्याला दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, हे काकांनी स्वतःच सांगितलं. तेही कौतुकाने!

त्याच दिवशी टीव्हीवर एका क्रिकेटरचं दुसरं घर उघडकीला आलं होतं आणि काका त्याला नावं ठेवत होते. प्रियांका म्हणाली, "काका, मग तुमच्या चुलत्यांचं ते काय होतं? लफडंच ना?"

काका चिडले. "ए पोरी! लफडं म्हंजी टीव्हीवर येतं ते. आमच्यातला त्यो संसार व्हता, दोन ठिकानी!"

टेबल गदागदा हसलं. मी सहज विचारलं, "पहिल्या चुलतीला कधी विचारलंत, तिला काय वाटत होतं?"

काका "न्हाई," म्हणाले. "इचारायची पद्धत न्हवती."

मग ते सगळ्यांना भात वाढत राहिले. नको म्हटलं तरी वाढला. त्या चुलतीने याच काकांना लहानपणी सांभाळलं होतं, हे मला नंतर कळलं.

*

प्रियांका ताथवड्याच्या कॉलेजातून शिकून आमच्याकडे लागलेली. साखरपुडा झाला होता, मुलगा इंजिनिअर, हॉल बुक. दोघांनी रीलमध्ये बघून एक खेळ काढला. फ्री पास! प्रत्येकाने एका प्रसिद्ध माणसाचं नाव घ्यायचं. लग्नानंतर तो माणूस खरंच भेटला आणि काही झालंच, तर दुसऱ्याने रागवायचं नाही.

मुलाने मुंबईतली एक अव्वल हिरॉइन सांगितली. प्रियांका खूप हसली.

मग तिची पाळी. तिने सांगितला एक रील्स करणारा जिम ट्रेनर. लाखोंनी फॉलोअर्स, पण राहायला ताथवड्यातच.

मुलगा म्हणाला, "हा कसला सेलिब्रिटी? हा आमच्या सोसायटीसमोर मोमोज खातो!"

झालं! त्या रात्रीपासून तिचा फोन बघणं सुरू. कुणाला लाइक केलंस, का केलंस, मोमोज खायला का गेलीस. महिन्याच्या आत लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी कारण सांगितलं, मुलगी फार मोकळी आहे.

प्रियांका टेबलावर आम्हाला म्हणाली, "त्याची हिरॉइन त्याला कधीच भेटणार नव्हती, म्हणून ती गंमत. माझा माणूस भेटू शकला असता, म्हणून माझं लफडं!"

नसीमभाई टाळी द्यायला गेले आणि त्यांनी हात मागे घेतला. बोलताना ती हसतच होती, पण ताटाला तिने हात लावला नव्हता. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं. तो मुलगा तिला आवडत होता हो, मनापासून.

*

आता विद्याचं सांगते.

विद्याचा नवरा मिलिंद आमच्याच कंपनीत, मेंटेनन्सला. ती पहिल्या शिफ्टला, तो दुसऱ्या. मुलं लहान होती, घरी मोठं माणूस नाही, म्हणून दोघांनी मागून घेतलेली सोय. एकाने घरी थांबायचं, एकाने कामावर, मधल्या तासाभरात मुलं शेजाऱ्यांकडे. सुट्टीही एक नाही. गुरुवारी कंपनी बंद असते तेव्हाच मेंटेनन्सवाल्यांना मशिनी उघडता येतात. रात्री तो घरी पोहोचे तेव्हा ती झोपलेली, पहाटे ती निघे तेव्हा तो. त्यामुळे नवराबायकोची जागेपणी भेट एकच, दुपारी साडेतीनला, गेटवर. त्याची बस आलेली, तिची सुटायची, मधली दहा मिनिटं. तेवढ्यात चावी द्यायची, पोराने काय खाल्लं ते सांगायचं, भांडायचं, हसायचं. एकदा तर रडूनही झालं. दोघं एकदम बोलत असत. मी चहा घेताना कॅन्टीनच्या खिडकीतून बघायचे.

टीव्हीवर कुणाचा घटस्फोट झाला की जगतापकाका त्या खिडकीकडे डाव दाखवत. "ते बगा! ह्याला म्हन्त्यात एकनिष्ठ! आन् लफडं करायला टाइम तरी हाय का त्यास्नी?"

मुलं मोठी झाली. प्रियांकाने मनावर घेऊन दोघांना एक शिफ्ट आणि एक सुट्टी मिळवून दिली. टेबलावर पेढे वाटले. मिलिंद आमच्यात जेवायला बसू लागला, विद्याच्या शेजारी.

आणि दोघं बोलेनात! भांडण नाही, काही नाही. ती भाजी पुढे सरकवायची, हा मीठ सरकवायचा. बसमध्ये शेजारी बसून दोघं आपापल्या मोबाइलमध्ये. घरीही तसंच असणार, कारण विद्याच एकदा म्हणाली, "ताई, घरात दोघं असलो की टीव्हीच बोलतो."

काही महिन्यांनी ती एकटीच एचआरला जाऊन आली. वेगळी शिफ्ट पाहिजे म्हणाली. बातमी टेबलावर पोहोचायला किती वेळ! ती दोघं जेवून उठली आणि सुरू झालं.

"कायतरी हाय," जगतापकाका म्हणाले. "बाईला नवऱ्यापासनं लांबची शिफ्ट कशाला लागती?"

"तिचं नाही, मिलिंदचं असेल," नसीमभाई म्हणाले. "मेंटेनन्सवाला सगळ्या लाइनवर फिरतो."

जे कोर्ट नटांसाठी भरायचं ते आमच्या माणसांवर भरलं. फरक इतकाच की टीव्ही बंद होता. मी म्हटलं, गप्प बसा, तर काका म्हणाले, "आमी कुटं काय म्हनलो?" तोवर ते लाइनवर गेलं होतं, आणि लाइनवरून मिलिंदपर्यंत.

तो स्टोअरला बेअरिंग न्यायला आला. बेअरिंग हातात घेऊन उभाच राहिला. "ताई, तिने वेगळी शिफ्ट मागितली म्हणे. मला बोलली नाही. दुसरं कुणी आहे का हो तिचं?"

"तिलाच विचार की रे."

"तेच जमत नाही," तो म्हणाला. बेअरिंग काउंटरवरच विसरून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी प्रियांकाने विद्याला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीतली जुनी बाई म्हणून मलाही बसवलं. आम्ही आत गेलो, तर शिडी लावून मिलिंद वर चढलेला. एसी उघडून फिल्टर काढत होता. एसीची तक्रार कुणीच केली नव्हती. प्रियांकाने माझ्याकडे बघितलं, मी मानेनेच राहू दे म्हटलं. त्याला कुणी खाली उतरवलं नाही.

"विद्याताई, खरं सांगा," प्रियांका हळूच म्हणाली. "काही त्रास आहे का? मारतो का? दुसरं कुणी आहे?"

"नाही मॅडम. यातलं काहीच नाही."

"मग? इतकी वर्षं गेटवर उभं राहून काढलीत. आता तर दोघं चोवीस तास एकत्र आहात!"

वर फिल्टरचा आवाज थांबला होता. विद्याने एकदा शिडीकडे बघितलं.

"हो मॅडम, एकत्रच असतो," ती म्हणाली. "पण मला याला भेटायचंय."