बाबलीने मागितलेलं पाणी

बाबली धुरीला कोणी वाटेत ‘बरो आसंस मां?’ असं विचारलं, तर तो मान हलवायचा, आणि तीही जरा विचार करून. मालवणच्या दक्षिणेला किनाऱ्यालगत त्याची वाडी. माडाच्या सावलीत काथ्याचं सुंभ वळत बसावं आणि बोलायचं काम बायकोवर, जानकीवर सोडावं, हा त्याचा संसार. जानकी ते काम दोघांच्या वाटचं करायची.

पण वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान धुरींच्या घराण्याकडे होता. होडी पाण्यात लोटायची असो की घराचा पाया खणायचा असो, बाबलीने वाडीच्या राखणदार देवापुढे नारळ ठेवून उभं राहायचं, एकेक मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. तिथे मात्र या माणसाला कुठून वाचा फुटायची देव जाणे. शब्दामागून शब्द, कुठे अडखळणं नाही. ‘घरात मीठ मागूक तोंड उघडणा नाय, आणि हय बघा!’ असं म्हणत जानकी पदराआड हसायची.

साठ सालच्या सुमाराला भाई केरकर मुंबईहून परतला. मालवणात नवी कचेरी आली, मास्तर आले, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर आले. त्यांना राहायला जागा मिळेना. भाईने मनात हिशेब मांडला. वाडीतल्या आपल्या तुकड्यावर दोन मजली चाळ उठवायची, गिरगावात असते तशी, खोलीला खोली लावून. पंचवीस-तीस बिऱ्हाडं सहज मावतील, असं तो हात फिरवून दाखवायचा.

मावतील हो, पण पितील काय? सगळ्या वाडीत गोड्या पाण्याची विहीर एकच. समुद्र हाकेच्या अंतरावर. एका लग्नात दोन दिवस जास्त उपसा झाला तर तिचं पाणी खारट लागू लागायचं, मग आठवडाभर बायका नाक मुरडत भात शिजवायच्या. तीस बिऱ्हाडांचे हंडे पडले की विहीर कायमची गेलीच म्हणायची. वाडीची झोप उडाली.

यशोदा परबीण म्हणाली, ‘सगळ्यांनी मिळान जावा आणि भाईक सांगा.’ तसे सगळे गेले. वयाने मोठा म्हणून बाबलीला पुढे केलं, आणि इथेच वाडीने माती खाल्ली. भाईच्या ओटीवर बाबलीने बराच वेळ खाकरून कसंबसं तोंड उघडलं, ‘भाई... पाणी...’ आणि तो थांबला. भाई अगत्याचा माणूस. त्याने आत हाक मारली, ‘गो, बाबलीदाक पाणी हाड!’ पाणी आलं, पाठोपाठ चहा आला, कांद्याची भजी आली. भजी खाल्ल्यावर भांडायचं कसं? भाईने मुंबईत एका नळावर सगळी चाळ कशी हसतखेळत जगते ते रंगवून सांगितलं आणि मंडळी माना डोलवत घरी आली.

जानकी दारातच उभी होती. ‘तुमी थंय पाणी वाचवूक गेल्लास, की पिऊक?’

बाबलीला ते फार लागलं. त्या संध्याकाळी तो विहिरीच्या काठावर बसून राहिला आणि त्याच्या हातून सुंभाचा एक पेडही वळला गेला नाही.

पुढच्या सोमवारी पायाभरणी. भाई मुंबईकर झाला तरी राखणदाराला विचारल्याशिवाय कुदळ मारणारा नव्हता. नारळ ठेवला, अगरबत्ती लागली, सगळी वाडी मागे उभी राहिली. बाबलीने हात जोडले.

‘बा राखणदारा, ह्या जाग्यार भाई घर बांधता हा, तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘तेच्या पोराबाळांक सुखात ठेव रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ भाईने डोळे मिटले होते. कार्य त्याचं, म्हणून आवाज सगळ्यांत मोठा त्याचाच.

‘भाई आपल्या बिऱ्हाडांसाठी आपली नवी बाव खणतलो, तिका गोडा पाणी दी रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘त्या बावीच्या पाण्यात भागतीत तितक्योच खोल्यो तो बांधतलो, तेका तशी बुद्धी दी रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ भाई ठासून म्हणाला, आणि मग त्याचे डोळे उघडले. मागे यशोदेने तोंडात पदर कोंबला होता. पण शब्द देवापुढे गेला होता, आणि असा गेलेला शब्द गिळायची छाती त्या किनाऱ्यावर कोणाला होती?

संध्याकाळी भाई तावातावाने बाबलीच्या अंगणात आला. वाडीतली निम्मी माणसं काही ना काही निमित्त काढून कुंपणाशी जमली. जानकी पुढे होणार, तोच बाबलीने तिला हाताने थांबवलं. तो उठला. या वेळी तो स्वतः बोलला.

‘भाई, मी तुका फशी पाडलंय असा तुका वाटत असात, तर सांग. उद्या दुसरो नारळ ठेवतंय आणि माझा मागणा परत घेतंय. देवाक मी सांगान, चूक माझी.’

कुंपणापलीकडे माणसांनी कपाळाला हात लावला. हातात आलेली विहीर या बाबल्याने परत देऊन टाकली! यशोदेला तर त्याला धरून हलवावंसं वाटलं.

भाईने खांद्यावरचा पंचा काढून कपाळ पुसलं आणि तो ओटीवर टेकला.

‘परत घेव नको, बाबलीदा,’ तो म्हणाला. ‘मागणा तुझा होता, पण आवाज माझो होतो. आता बाव खंय खणूया, ता सांग.’

बाबलीने मान हलवली आणि त्याला जागा दाखवायला पुढे चालू लागला.