माझा भाऊ उंच होता

आमच्या गावात माणूस कुठून आला हे कुणी विचारत नसे, कसा आला ते विचारत. सुलतानाच्या घोडेस्वारांमागून आपल्या मर्जीने समुद्र ओलांडून आले, ते मानाचे. शिपायांनी गाड्यांत कोंबून आणले, ते सुरगून. जिंकलेला मुलूख ओस ठेवून चालत नाही, म्हणून फिलिबेचं सगळं मैदान अशा दोन तऱ्हेच्या माणसांनी वसवलं होतं. जमीन दोघांनाही मिळाली. मात्र सुरगूनला गाव सोडायची बंदी होती आणि त्याच्या पोरीला चांगल्या घरातून मागणी येत नसे. दोघं एकाच विहिरीवर पाणी भरत, तरी कोण कुठला ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असे.

माझे वडील इवाज हे सुरगून. आमचं मूळ ठिकाण समुद्रापलीकडचं मेनेमेन. तिथल्या मिठागरांतून बंदी मोडून मीठ उचललं, म्हणून आमची मेंढपाळांची आख्खी टोळीच सरकारने उचलली. एकत्र राहिले तर पुन्हा डोकं वर काढतील, म्हणून एकेक घर वेगळ्या गावात टाकलं. आमच्या वाट्याला हे गाव आलं. शिपायांना घाई असावी, ते मेरीच नदीच्या पुलावरूनच परत फिरले. आईला आणि तान्ह्या मला घेऊन वडील पुढे एकटेच चालत निघाले. वेशीवर कुणीतरी विचारलं, कसे आलात? वडील म्हणाले, "आपल्या पायांनी."

तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. पण पुढच्या दोनेक वर्षांत त्यांच्या सांगण्यात त्या पायांखाली घोडा आला, मग कमरेला तलवार आली. मी घडाघडा बोलायला लागले तोवर वडिलांनी एक छोटीशी लढाईही मारली होती. आई हे सगळं ऐके आणि भाकरी जरा जोरात थापे.

कामाला मात्र बाबा वाघ होते. ज्याने जन्मात मेंढ्यांखेरीज काही पाहिलं नाही, त्या माणसाने कुदळ धरली, दलदलीतून पाट काढले, भात पिकवून दाखवला. गावात मशीद उभी राहिली, वाटसरूंसाठी सराई झाली, तिच्या भटारखान्यात आमचाच तांदूळ शिजायचा. लोक त्यांना आगा म्हणू लागले. मशिदीत ते पुढच्या रांगेत बसू लागले.

मग मला बालाबान आगांच्या घरून मागणी आली. बालाबान आगा म्हणजे खरेखुरे स्वार, गालावर वार झेललेले, सुलतानाने नेमून दिलेल्या जमिनीचे धनी. त्यांचा मुलगा तुराली मला आवडत होता, उगाच आढेवेढे कशाला घेऊ. आगा बोलणी पक्की करायला घरी आले. आईने हलवा केला. मी पडद्यामागे उभी होते, आणि कान पडद्याबाहेर होते.

त्याच सकाळी सुरगूनांच्या नव्या गाड्या सराईत येऊन थांबल्या होत्या. आमच्या टोळीतून तेव्हा निसटून इतकी वर्षं डोंगरात लपून राहिलेल्यांनाही सरकारने अखेर हुडकून काढलं होतं. त्यांतल्या एकाने भटारखान्यात सूप पिता पिता विचारलं, हा तांदूळ पिकवतो कोण? इवाजचं नाव ऐकल्याबरोबर वाडगा तिथेच ठेवून तो धावत आमच्या दारात आला. अंगात फाटकं कांबळं, दाढीत सगळ्या वाटेची धूळ, आणि तोंडभर हसू.

"इवाज! अरे मी, सारुजा."

आईने हातातलं ताट खाली ठेवलं. तिच्या तोंडाकडे पाहूनच मला कळलं, हा माझा सख्खा काका. याच्या गोष्टी सांगून ती मला झोपवायची. आईबाप गेल्यावर बाबांना पाठीवर घेऊन मेंढ्यांमागे हिंडला तो हाच.

बालाबान आगांनी वळून पाहिलं. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"कोण सारुजा?" ते म्हणाले. "मी नाही ओळखत."

काकांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं, त्यांच्या गालावरचा वण पाहिला, नवी सतरंजी पाहिली, हलव्याचं ताट पाहिलं. त्यांना सगळं कळायला फार वेळ लागला नाही.

"चुकलं, आगा," ते म्हणाले. "माझा भाऊ तुमच्यापेक्षा उंच होता. तो वाटेतच वारला म्हणतात. नाव सारखं निघालं म्हणून आलो."

बाबांनी त्यांना ताक द्यायला सांगितलं. काका ते उभ्यानेच प्यायले, आईकडे न बघता भांडं परत देऊन गेले. बालाबान आगा म्हणाले, बिचारा, या सुरगूनांची डोकी ठिकाणावर नसतात. बाबा हसले. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते, आणि त्याच हसण्यावर माझं लग्न ठरलं.

काकांना खोपट मिळालं ते पाटाच्या टोकाला, डासांत. बाबांनी त्यांना आपल्याच कामावर घेतलं. वर्षानुवर्षं दोघं गुडघाभर चिखलात शेजारी शेजारी उभे राहिले. एक म्हणायचा आगा, दुसरा म्हणायचा सारुजा. बाबा त्यांच्याकडे धान्य पाठवत, सरपण पाठवत, थंडीत स्वतःचा कातडी कोट पाठवला. गाव म्हणे, परक्या सुरगूनसाठी एवढं कोण करतो? दरवेळी बाबांचा चेहरा पडायचा. कौतुक ऐकून असा चेहरा पडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा त्यांनी पाटावर काकांचा हात धरला, म्हणाले, आता सांगून टाकतो सगळ्यांना. हे मला आईने सांगितलं, ती भाकरी घेऊन गेली होती. काकांनी हात सोडवून घेतला.

"पोर नांदतेय ना? मग राहू दे. उगाच तिचं घर का मोडतोस?"

पुन्हा तो विषय निघाला नाही.

भातशेतीच्या तापाने काका गेले. जनाजा मशिदीसमोर ठेवला. आमच्या रीतीप्रमाणे इमामसाहेबांनी विचारलं, मयताच्या रक्ताचं कुणी आहे का? नमाजाची परवानगी नात्यातल्या माणसाने द्यायची असते. एकट्यादुकट्या सुरगूनांच्या बाबतीत हा प्रश्न म्हणजे नुसता उपचार, उत्तर कधी यायचंच नाही. इमामसाहेब पुढे सरकलेसुद्धा होते.

पुढच्या रांगेतून बाबा बाहेर आले.

"मी आहे. हा माझा दादा."

तुरालीच्या शेजारी बालाबान आगा उभे होते. बाबा सरळ त्यांच्याकडे वळून म्हणाले, "सख्खा दादा. तुमच्यासमोर मी याला ओळख दिली नाही. मीही सुरगूनच आहे, आगा. मीठ चोरलं म्हणून हाकलून आणलेला."

बालाबान आगांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुढे आले आणि त्यांनी बाबांना कवेत घेतलं.

"बस्स, इवाज. बेवारस माणूस बेवारस जाऊ नये म्हणून माणसाने किती कमीपणा घ्यावा?"

बाबा म्हणाले, नाही हो, खरं सांगतोय. इमामसाहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, सारुजाने स्वतःच आम्हाला सांगितलं होतं, त्याचा भाऊ वाटेत वारला. पण आज तू त्याला भाऊ दिलास.

बाबांनी आईला साक्षीला बोलावलं. ती आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, हो, माझे दीर होते. बायकांनी तिलाही पोटाशी धरलं, नवऱ्याला साजेशी बायको म्हणून. रात्री मी तुरालीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, तुझे वडील आहेतच तसे. मी पुन्हा सांगितलं. तो प्रेमाने हसला आणि त्याने दिवा मालवला.

बाबांनी त्यानंतर शेवटच्या रांगेत बसायचं ठरवलं. पुढच्याच शुक्रवारी ते मशिदीत मागे, चपलांपाशी जाऊन बसले. इमामसाहेबांनी त्या दिवशी प्रवचनात त्यांचंच उदाहरण दिलं आणि सगळी मशीद मागे वळून बघू लागली. बाबा मान खाली घालून बसून राहिले. लोक म्हणाले, पाहा, किती नम्र माणूस.