परिचयातून गाळलेले सर

मित्रहो, आज सकाळी चिमूरच्या एका देवळात माझं व्हायोलिनवादन झालं. निवेदकाने मीच लिहून दिलेला परिचय वाचला. गुरुजींचं नाव आलं तेव्हा मी रीतीप्रमाणे कानाला हात लावला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत फिलिप सर दिसले. माजरीच्या कॉलनीत त्यांनी मला सहा वर्षं पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकवलं. उभं राहून, हनुवटीखाली धरून. पुढे गुरुजींकडे मी मांडी घालून राग वाजवू लागलो. सुरुवात तिकडची कळली तर लोक कच्चा समजतील, या भीतीने मी परिचयातून त्यांचं नाव गाळलं.

माईक समोरच होता, सरांचं नाव तेव्हाही घेता आलं असतं. मी तोडी सुरू केली.

नंतर बाहेर, चपलांपाशी, त्यांच्या पाया पडलो.

"काऊन रे, मांडीले मुंग्या नाई येत?" ते हसले. "पण गज अजून सरळ चालवतो तू. ते माह्यं काम हाय."

"सर, तुमचं नाव..."

"राहू दे. देवाले माहीत हाय ना."

देवाला माहीत आहे, हीच तर माझी अडचण आहे. पाया पडलो तेव्हा आसपास कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. एवढ्याने भागेल का?